जन्म पिंजऱ्यातला की जंगलातला? प्रयोगशाळांसाठी होणारा माकडांचा व्यापार

किनारवाट

मंडळी, हा विषय बरेच दिवस डोक्यात आहे. नवीन औषध माणसाला देण्याआधी ज्या प्राण्यांवर तपासलं जातं, त्यात एका माकडाचा वाटा फार मोठा आहे. लांब शेपटीचं माकड, शास्त्रीय नाव मकाका फॅसिक्युलॅरिस. हे आग्नेय आशियातलं. खारफुटीत, नदीकाठी, देवळांच्या आवारात राहतं. खेकडे खातं म्हणून खेकडेखाऊ माकड असंही म्हणतात. थायलंडच्या अंदमान समुद्राकडच्या बेटांवर यांचे काही कळप ओहोटीला खडकांवर उतरतात, हातात मावेल असा दगड निवडतात आणि कालवं फोडून खातात. आपल्याकडेही याची एक उपजात आहे, ग्रेट निकोबार आणि शेजारच्या दोन बेटांवर.

२०२२ साली आययूसीएनने (निसर्गसंवर्धनाची आंतरराष्ट्रीय संघटना) धोक्यातल्या प्रजातींच्या लाल यादीत या माकडाची नोंद 'संकटग्रस्त' अशी केली. त्याच वर्षी डुकरासारखी आखूड शेपटी असलेलं त्याचं भावंडही त्याच रांगेत आलं. जंगलतोड हे कारण आहेच, पण धरपकडही आहे. अमेरिकेतल्या जैववैद्यकीय संशोधन संघटनेने या नोंदीला लेखी हरकत घेतली. या माकडावर किती पैसा अवलंबून आहे, ते यावरून कळतं.

२०२० च्या सुरुवातीपर्यंत सर्वात मोठा निर्यातदार चीन होता. करोना आला, चीनने वन्यप्राण्यांचा व्यापार थांबवला आणि माकडांची निर्यातही बंद झाली. मागणी मात्र त्याच वेळी वाढली. ती जागा कंबोडियाने घेतली. महामारीआधी काही हजार डॉलरला मिळणारं माकड नंतर वीस हजार डॉलरच्या वर गेलं. सर्वात मोठा गिऱ्हाईक अमेरिका.

हा व्यापार बेकायदा नाही. सायटीस करारात (वन्यजीवांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) सगळी वानरकुळं निदान दुसऱ्या परिशिष्टात आहेत, म्हणजे परवाना काढून व्यापार करता येतो. परवान्याच्या छापील अर्जात एक छोटा चौकोन असतो, प्राणी आला कुठून हे सांगणारा. त्यात एक अक्षर भरायचं. डब्ल्यू म्हणजे जंगलातून पकडलेला. एफ म्हणजे बंदिवासात जन्मलेला, पण पूर्ण निकषात न बसणारा. सी म्हणजे पक्क्या निकषाने बंदिवासात पैदास झालेला, म्हणजे ज्या केंद्रात पिंजऱ्यातल्यांची पिंजऱ्यातच दुसरी पिढी निपजू शकते तिथला. डब्ल्यू लिहिलं तर 'ही माकडं काढून नेल्याने जंगलातल्या संख्येला धक्का बसत नाही' असा शास्त्रीय निर्वाळा द्यावा लागतो. सी लिहिलं की वाट मोकळी.

आता साधा हिशोब करा. मादी साडेतीन-चार वर्षांची होईपर्यंत वयात येत नाही. गर्भ साडेपाच महिने. एका वेळी एकच पिल्लू. कितीही चांगलं खायला घाला, वर्षाला एकाच्या वर पिल्लू मिळत नाही, आणि काही पिल्लं दगावतातच. वर्षाला पाच हजार माकडं पाठवणाऱ्या केंद्राकडे पाच हजारांहून अधिक विणाऱ्या माद्या हव्यात. दुसऱ्या पिढीचं माकड शून्यापासून तयार करून विमानात चढवायला सात-आठ वर्षं तरी लागतात. मग एक देश बंद झाल्यावर दुसऱ्या देशाची निर्यात दोनेक वर्षांत इतकी फुगते, तेव्हा ही माकडं जन्मली कधी आणि कुणाच्या पोटी?

माझं म्हणणं एवढंच आहे. सरसकट बंदी हवी की नको, हा वाद नंतर घालू. आधी त्या चौकोनातल्या 'सी'ची खातरजमा कोण करतं ते ठरवा, आणि ती जबाबदारी विकणाऱ्याइतकीच विकत घेणाऱ्यावरही टाका.

----

सुगरण_खोपा

वाचून सुन्न झाले. दगडाने कालवं फोडणारं माकड पिंजऱ्यात… कल्पना करवत नाही. सरळ बंदी आणा असंच मला वाटतं.

----

पेट्रीडिश

मी पुण्यात औषधांच्या सुरक्षाचाचण्यांच्या क्षेत्रात आहे, म्हणून दुसरी बाजू मांडते. प्राण्यांवर प्रयोग करणारी माणसं निर्दय असतात असं इथे कुणी गृहीत धरू नये, ही विनंती.

कर्करोगावरची, संधिवातावरची आजची बरीच औषधं प्रतिपिंडांची आहेत. माणसाच्या एखाद्या ठरावीक प्रथिनालाच ती चिकटतात. उंदराच्या शरीरात ते प्रथिन वेगळं असतं, त्यामुळे औषध तिथे कामच करत नाही आणि विषारी परिणाम असला तरी दिसत नाही. माकडात दिसतो. कोव्हॅक्सिनचं उदाहरण घ्या. एनआयव्हीने (राष्ट्रीय विषाणू संस्था) इथे पुण्यातच २० ऱ्हीसस, म्हणजे उत्तर भारतातल्या लाल तोंडाच्या माकडांवर ती तपासली. त्या दिवसांत देशात लगेच वापरता येतील अशी माकडं हाताशी नव्हती, त्यामुळे टाळेबंदीत पथकाला ती शोधत फिरावं लागलं आणि शेवटी नागपूरकडच्या जंगलातून ती मिळाली. लस आपण सगळ्यांनी घेतली.

पण किनारवाट यांच्या मूळ मुद्द्याला माझा पूर्ण पाठिंबा आहे, आणि तो दयेपोटी नाही, विज्ञानापोटी आहे. जंगलातून धरलेल्या माकडाचं वय माहीत नसतं. त्याला क्षय आहे का, हिवतापाचा परजीवी आहे का, माणसाला घातक ठरणारा बी विषाणू आहे का, काही सांगता येत नाही. यकृताच्या चाचणीत गडबड दिसली तर ती औषधाने झाली की जुन्या आजाराने? सगळा अभ्यास वाया जातो. ती माकडं फुकट मेली, आणि चुकीच्या निष्कर्षावर पुढे माणसांना औषध दिलं गेलं तर तो धोका वेगळाच. खोट्या 'सी'चा पहिला फटका प्रयोगशाळेलाच बसतो. आमच्या क्षेत्रातली माणसं हे आपसात बोलतात, उघड बोलत नाहीत. बोललं पाहिजे.

----

माडाची_वाडी

सगळ्यांचं वाचलं. मी रत्नागिरी जिल्ह्यातला बागायतदार. आमच्याकडे येऊन बघा एकदा. सकाळी सात वाजता कळप माडावर चढतो. कोवळे नारळ तोडायचे, एक घोट प्यायचा, खाली टाकायचे. खाली खच पडतो. मोहोर ओरबाडतात, कौलं काढतात. पोफळीचं तर विचारूच नका. कोकणात किती जणांनी भाजीपाला, भुईमूग, वरी-नाचणी लावणं सोडून दिलं त्याची गणती नाही. अर्ज करून करून थकलो. पंचनाम्याला माणूस येतो तोवर नारळ कुजून जातो.

जगाला माकडं हवी आहेत, आम्हाला नको आहेत. वीस हजार डॉलर म्हणजे सोळा-सतरा लाख रुपये एका माकडाला! सरकारने धरून पाठवावीत की. शेतकरीही वाचेल आणि तिकडची संकटग्रस्त माकडंही वाचतील. यात चूक काय ते समजावून सांगा. राग मानू नका, पण देवळातल्या मारुतीपुढे हात जोडणाऱ्यांची बाग नसते.

----

बखर_वाचक

माडाची_वाडी, राग कसला? नुकसान खरं आहे आणि प्रश्नही रास्त आहे. तुम्ही सुचवताय तो प्रयोग भारताने करून पाहिलेला आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आपल्याकडची ऱ्हीसस माकडं परदेशी जायला लागली ती स्वातंत्र्याच्याही आधी. १९३८ साली कलकत्त्याहून जहाजात घालून शेकडो ऱ्हीसस अमेरिकेकडे रवाना झाली आणि त्यांतली ४०९ पोर्तो रिकोजवळच्या कायो सांतियागो बेटावर सोडली. तो कळप आजही तिथे आहे. पण खरी लाट आली ती पोलिओच्या लशीमुळे. लशीचा विषाणू माकडाच्या मूत्रपिंडाच्या पेशींवर वाढवत. १९५० च्या दशकात भारतातून वर्षाला लाखाहून अधिक माकडं जाऊ लागली. जानेवारी १९५५ मध्ये लंडनच्या विमानतळावर एका बंद गाडीत ठेवलेली ३९४ माकडं गुदमरून मेली. इथे संताप उसळला, सरकारने निर्यात थांबवली. मग अमेरिकेशी बोलणी झाली, पोलिओची लस आणि वैद्यकीय संशोधन यांपलीकडे माकडं वापरणार नाही अशी हमी लिहून घेतली आणि निर्यात पुन्हा सुरू झाली.

त्या व्यापाराने काय केलं? अमेरिकी प्राणिशास्त्रज्ञ चार्ल्स साउथविक आणि अलिगढचे त्यांचे सहकारी उत्तर प्रदेशात रस्त्यांच्या कडेला, कालव्यांच्या काठी, स्टेशनांवर, देवळांत माकडं मोजत हिंडले. १९५९-६० च्या त्या पाहणीत कळपांमध्ये प्रौढ होते, तान्ही पिल्लं होती, पण मधल्या वयाची माकडं फार कमी. कारण पारध्यांना तीच हवी असायची. विमानाने न्यायला हलकी, प्रयोगाला सोयीची. ज्यांनी पुढे कळप चालवायचा तीच पिढी गायब. नंतरच्या वर्षांत संख्या घसरत गेली.

मग १९७७ साली बातमी फुटली की अमेरिकी लष्कराच्या किरणोत्सर्ग संशोधन संस्थेत न्यूट्रॉन बॉम्बशी संबंधित प्रयोगांत माकडं वापरली जातात. लिहून दिलेली हमी धाब्यावर बसवली होती. मोरारजी देसाईंच्या सरकारने १ एप्रिल १९७८ पासून निर्यात पूर्ण बंद केली. ती बंदी आजही आहे.

त्यानंतर संशोधन थांबलं का? नाही. अमेरिकेने स्वतःकडे पैदास वाढवली. १९७९ मध्ये साउथ कॅरोलायनाच्या मॉर्गन बेटावर ऱ्हीससांचा कळप वसवला. आज तिथल्या एचआयव्हीच्या संशोधनात 'भारतीय वंशाचे ऱ्हीसस' म्हणून वापरतात ते या अशाच पैदाशीतले. पेशींपुरतं बोलायचं तर १९६२ मध्ये जपानमध्ये एका आफ्रिकी हिरव्या माकडाच्या मूत्रपिंडापासून तयार झालेली व्हेरो पेशीमालिका पुढे लशींसाठी सर्रास वापरात आली. ज्या कामासाठी वर्षाला हजारो माकडं लागत, ते काम बाटलीत वाढणाऱ्या पेशी करू लागल्या. फुकट आणि अमर्याद माल मिळत होता तोवर पैदास आणि पर्याय या दोन्हींची निकड कुणाला नव्हती, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता तुमच्या बागेतल्या माकडांचं. कोकणात आहेत ती टोपी माकडं आणि काळतोंडी वानरं. प्रयोगशाळांना प्रामुख्याने ऱ्हीसस आणि लांब शेपटीची हवी असतात, कारण मागची सगळी माहिती त्यांच्यावर गोळा झालेली आहे. तुमची माकडं सोळा लाखांना कुणी घेणार नाही.

----

चंद्रभागा

बखर_वाचक, उत्तम प्रतिसाद. श्रीलंकेचीही भर घालते. एप्रिल २०२३ मध्ये तिथले कृषिमंत्री महिंद अमरवीर यांनी एक लाख टोक माकडं चीनला पाठवण्याचा विचार बोलून दाखवला. प्राणिसंग्रहालयांसाठी असं सांगितलं गेलं. एक लाख माकडं कुठल्या प्राणिसंग्रहालयात मावतात, हा प्रश्न तिथल्या लोकांनी लगेच विचारला. ते माकड जगात फक्त श्रीलंकेत सापडतं आणि तेही संकटग्रस्त यादीत आहे. प्रकरण न्यायालयात गेलं, आणि असा निर्णय झालेलाच नाही असं सरकारतर्फे तिथे सांगण्यात आलं. शेतीची नासधूस करणारा प्राणी आणि नामशेष होऊ घातलेला प्राणी एकच असू शकतो. माणसाच्या वस्तीत गर्दी दिसते, जंगलातली ओस पडलेली झाडं कुणाला दिसत नाहीत.

----

हडसनकाठ

न्यू जर्सीहून. इथे या विषयावर तीन-चार वर्षं बरंच काही घडलंय.

नोव्हेंबर २०२२ मध्ये कंबोडियाच्या वनप्रशासनातले वन्यजीव विभागाचे उपसंचालक मास्फाल क्री यांना न्यूयॉर्कच्या विमानतळावर अटक झाली. ते निघाले होते पनामाला, सायटीसच्याच परिषदेला! आठ जणांवर आरोप होते: जंगलातून धरलेली माकडं पैदास केंद्रात आणायची आणि पिंजऱ्यातली म्हणून निर्यातीचे कागद करायचे. मार्च २०२४ मध्ये मायामीच्या ज्युरीने क्री यांना निर्दोष सोडलं.

पण त्या खटल्याचा धक्का मोठा होता. मोठ्या कंपन्यांना सरकारी चौकशीला तोंड द्यावं लागलं, कंबोडियाहून येणारा माल थांबला. आधीच येऊन पोचलेली शेकडो माकडं टेक्सासमध्ये अडकून पडली. प्रयोगाला वापरायची परवानगी नव्हती, परत पाठवावीत तर कुठे जातील याची खात्री नव्हती. जन्माचा दाखला खरा नसला की प्राण्याचे असे हाल होतात.

आरोग्याचं म्हणाल तर इथे बाहेरून आलेलं प्रत्येक माकड किमान ३१ दिवस विलगीकरणात ठेवतात. १९६७ मध्ये युगांडाहून जर्मनी आणि युगोस्लाव्हियात गेलेल्या हिरव्या माकडांमुळे मारबर्ग विषाणू पसरला, ३१ जणांना लागण झाली, ७ दगावले. १९८९ मध्ये फिलिपिन्सहून आलेल्या माकडांमुळे व्हर्जिनियात रेस्टन गावी इबोलाचा एक प्रकार सापडला. नशीब की तो माणसाला आजारी पाडत नव्हता. क्षयाचे प्रकार तर अलीकडेही आढळलेत. जंगलातलं माकड खोट्या कागदावर आलं तर हा धोका वाढतो, हे सांगायला नको.

----

रोखठोक_राणे

>> मार्च २०२४ मध्ये मायामीच्या ज्युरीने क्री यांना निर्दोष सोडलं. <<

मग झालं की! न्यायालयाने सोडलं म्हणजे आरोप खोटे. तरी धागा त्यावरच उभा. एका गरीब देशाचा रोजगार बुडवायचा आणि प्राणिप्रेमाचं नाव द्यायचं, याला अर्थ नाही.

----

नोटरी

राणेसाहेब, वकील म्हणून थोडं. एका व्यक्तीवरचा गुन्हा निःसंशय सिद्ध झाला नाही, एवढाच त्या निकालाचा अर्थ. त्या व्यक्तीला यापुढे कुणी गुन्हेगार म्हणू नये, हे तुमचं बरोबर. पण केंद्रांमधल्या पैदाशीचे आकडे जुळतात का, हा प्रश्न त्या ज्युरीपुढे नव्हता. तो सायटीसपुढे गेला. फेब्रुवारी २०२५ मध्ये जिनिव्हाला स्थायी समितीत कंबोडियातून या माकडाचा व्यापार स्थगित करण्याची शिफारस चर्चेला आली होती, आणि तेव्हा निर्णय पुढे ढकलला गेला.

आता नियमनाचं. सुगरण_खोपा म्हणतात तशी बंदी घालायची म्हणजे हे माकड पहिल्या परिशिष्टात टाकायचं, जिथे जंगलातल्या प्राण्याच्या व्यापाराला बंदी असते. पण कराराच्या सातव्या कलमात एक वाट आहे. पहिल्या परिशिष्टातला प्राणीही नोंदणीकृत केंद्रात व्यापारासाठी पैदास झालेला असेल तर त्याला दुसऱ्या परिशिष्टातला मानतात. म्हणजे परिशिष्ट बदललं तरी गाडी परत त्या 'सी'वरच येते. हे लक्षात न घेता केलेली मागणी ऐकायला कडक असते, हाती मात्र फारसं काही लागत नाही.

मला युरोपचा मार्ग जास्त पटतो. युरोपीय संघाच्या प्राणिप्रयोगांवरच्या २०१० च्या निर्देशाने टप्प्याटप्प्याने अट घातली आणि नोव्हेंबर २०२२ पासून तिथे प्रयोगासाठी वापरायचं माकड बंदिवासात जन्मलेल्या आईबापांचंच हवं, किंवा जंगलातून भर न घालता टिकणाऱ्या कळपातलं हवं. मुख्य म्हणजे ही अट वापरणाऱ्यावर आहे. विकणाऱ्या देशाचा शिक्का बघून हात झटकता येत नाहीत.

----

माडाची_वाडी

बखर_वाचक, चंद्रभागा, समजलं. उत्तर प्रदेशची ती मधल्या वयाची माकडं नाहीशी झालेली गोष्ट माहीत नव्हती. पण मग आमच्या माडांचं काय, हे कुणीच सांगितलं नाही. व्यापार बंद, मारायचं नाही, भरपाई तुटपुंजी. शेतकऱ्याने किती काळ सोसायचं?

----

बखर_वाचक

माडाची_वाडी, तुमची तक्रार या धाग्यात विरून जाऊ नये असं मलाही वाटतं. हिमाचलात २००७ च्या सुमारास माकडांची नसबंदी सुरू झाली, लाखाहून अधिक माकडांवर झाली. ती चिकाटीने आणि मोठ्या प्रमाणावर करावी लागते, तुरळक केली तर उपयोग नाही. कोकणात त्या जोडीला भरपाई पंधरवड्यात आणि झाडाच्या खऱ्या उत्पन्नावर मिळायला हवी. याचा वेगळा धागा तुम्हीच काढा. बागेचे फोटो, वर्षाचं नुकसान, अर्जांच्या तारखा टाका. मी जुनी कागदपत्रं शोधून देतो.

----

किनारवाट

सगळ्यांचे आभार. नोटरी यांनी सातव्या कलमाचं जे सांगितलं, ते मूळ लेखात यायला हवं होतं इतकं महत्त्वाचं आहे.

पेट्रीडिश, तुम्हाला थेट विचारतो. निर्यात होणाऱ्या प्रत्येक माकडाचं रक्त आईबापांच्या रक्ताशी जुळवून पाहायचं, केंद्रांनी माद्यांची संख्या, जन्म आणि मृत्यू दरवर्षी जाहीर करायचे, अशी सक्ती झाली तर संशोधन अडेल का? मॉरिशसचं मला नेहमी कुतूहल वाटतं. तिथे ही माकडं मूळची नाहीत, काही शतकांपूर्वी जहाजांतून गेली आणि स्थानिक पक्ष्यांच्या मुळावर उठली. त्यामुळे तिथली निर्यात लाल यादीच्या हिशोबात बसत नाही. पण एका बेटावर जगाची मागणी किती काळ भागणार?

----

पेट्रीडिश

अडणार नाही. महाग होईल, वेळ लागेल. वंशतपासणी अवघड नाही, रक्ताचा थेंब किंवा केसाचं मूळ पुरतं, आणि वीस हजार डॉलरच्या माकडामागे तो खर्च किरकोळ आहे. तो टाळण्याचं शास्त्रीय कारण मला तरी दिसत नाही.

मागणीही कमी होऊ शकते. अमेरिकेत डिसेंबर २०२२ च्या कायद्याने नव्या औषधासाठी प्राण्यांवरच्या चाचणीची सक्ती काढली, आणि एप्रिल २०२५ मध्ये तिथल्या औषध प्रशासनाने प्रतिपिंडांच्या औषधांपासून सुरुवात करून प्राण्यांवरच्या चाचण्या हळूहळू कमी करण्याचा आराखडा मांडला. म्हणजे मी वर ज्या औषधांसाठी माकड लागतं म्हटलं, नेमकी तीच. आपल्याकडेही २०२३ मध्ये नियम बदलून मानवी पेशींवरच्या आणि तत्सम पद्धती मान्य झाल्या. सगळी माकडं उद्या थांबणार नाहीत. लशी, मेंदूचे आजार, गर्भावरचे परिणाम यांत अजून बराच काळ लागतील.

आमच्यासाठी माकडांवरच्या चाचण्या परदेशातली कंत्राटी प्रयोगशाळा करते. आजवर आम्ही त्यांच्याकडून आरोग्याचा दाखला आणि परवान्याची प्रत मागायचो. या धाग्यानंतर मी आमच्या खरेदीच्या अटींत तीन गोष्टी घालायचा प्रस्ताव लिहायला घेतलाय: प्रत्येक माकडाच्या आईचा नोंदणी क्रमांक, आईचा जन्म कुठल्या केंद्रात झाला, आणि वंशतपासणीचा अहवाल. वरिष्ठ खर्चाचं विचारतील, त्याला उत्तर तयार आहे: एक अभ्यास वाया गेला तर काय पडतं ते त्यांनाच माहीत आहे. नोटरी, युरोपच्या निर्देशातली अटीची नेमकी भाषा मला व्यनिने पाठवाल का? मसुदा शुक्रवारी द्यायचा आहे.

----

नोटरी

पाठवतो आज रात्री. दहावं कलम आणि दुसरी पुरवणी, दोन्ही लागतील.